चालते डिझेल इंजिन बंद पडले आणि पुन्हा लागेना, तर…

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागतो, इंजिनाचा आवाज खाली-वर होऊ लागतो, दोन-तीन गचके बसतात आणि इंजिन बंद पडते. त्यानंतर सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण लागत नाही. हंगामाच्या ऐन गर्दीत, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, बहुतेक जण बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारत राहतात आणि बॅटरी बसली की दुसरा ट्रॅक्टर बोलावून ओढून सुरू करायला पाहतात. तेही जमले नाही की ‘पंप गेला’ असा निकाल लागतो आणि डिझेल पंप खोलून दुरुस्तीला जातो. माझे ठाम मत असे आहे की यांतले पुष्कळ पंप विनाकारण खोलले जातात. चालता चालता बंद पडलेल्या इंजिनाचा दोष बहुधा टाकी आणि पंप यांच्या मधल्या वाटेवर असतो, आणि ती वाट तपासायला नट-बोल्टचे चार पाने (स्पॅनर), एक स्वच्छ कॅन आणि हातभर पारदर्शक नळी एवढे साहित्य पुरते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून बारीक फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे इंजिन लागायला तीनच गोष्टी हव्यात : पुरेशी हवा, पुरेसा दाब आणि योग्य वेळी योग्य जोराने आलेले डिझेल. विहिरीवरचे हँडल मारून सुरू होणारे एका सिलिंडरचे इंजिन असो, कोकणातल्या भातखाचरातला पॉवर टिलर असो किंवा सोसायटीच्या आवारातला जनरेटर असो, हा नियम कुठेही बदलत नाही. आता यांतला दाब कमी होतो तो रिंगा, लायनर आणि व्हॉल्व्ह झिजल्यामुळे, आणि ही झीज हळूहळू होते. असे इंजिन कितीतरी महिने आधीपासून सकाळी लागायला त्रास देते, तेल खाते, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर सोडते. हवेची वाट चोंदली तर आधी ताकद कमी होते आणि धूर काळा होतो. तेव्हा पाच मिनिटांपूर्वीपर्यंत भार ओढणारे इंजिन एकाएकी लागेनासे झाले, तर पहिला संशय डिझेलवर घ्यावा.

पाना हातात घेण्याआधी चालकाला एक प्रश्न नीट विचारावा : इंजिन बंद कसे पडले? ते गचके खात, आवाज खाली-वर करत, ताकद सोडत बंद पडले असेल, तर त्याला डिझेल कमी पडत गेले आहे. आधी रिकामे फिरताना ठीक आणि भार आला की मरगळते, असे एक-दोन दिवस होत असेल, तर फिल्टर चोंदला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. किल्ली फिरवून बंद केल्यासारखे ते एका क्षणात थांबले असेल, तर स्टॉप सोलेनॉइड (पंपाचे डिझेल सोडणारा आणि तोडणारा विजेवरचा खटका), त्याची वायर किंवा फ्यूज यांकडे पाहावे. आणि थांबण्याआधी तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत गेला होता, जळका वास येत होता, धाडकन आवाज झाला किंवा इंजिन आवळत आवळत थांबले असे चालक सांगत असेल, तर सेल्फला हातही लावू नये. त्या प्रकाराकडे पुढे येतो.

दुसरी खूण धुराची. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक लावून, एकाला सेल्फ मारायला सांगावे आणि आपण सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. धूर मुळीच येत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, पण जळत नाही. मग इंजिन मंद फिरते आहे का, डिझेलमध्ये पाणी आहे का, दाब कमी आहे का, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) सरकले आहे का, हे प्रश्न येतात. या एका निरीक्षणाने अर्धे काम होते. हँडल मारायच्या जुन्या इंजिनांवर याहून साधी परीक्षा आहे : डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडून देणारा) खटका उचलून हँडल सावकाश फिरवावे आणि कान नोझलपाशी न्यावा. नोझल डिझेल सोडत असेल तर प्रत्येक फवाऱ्याला ‘कुर्र’ असा आखूड, कोरडा आवाज येतो. तो आवाज नसेल, तर डिझेल तिथवर आलेले नाही.

डिझेलच्या वाटेने टाकीपासून पुढे

तपासणी नेहमी टाकीकडून पंपाकडे करावी, उलट करू नये. टाकीत डिझेल आहे का, हे काट्यावर न विसंबता आत स्वच्छ काठी घालून पाहावे, कारण उतारावर किंवा आडव्या चढावर टाकीत चार-पाच लिटर असूनही ते एका कोपऱ्यात जमते आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड उघडे पडून ती हवा ओढते. त्यानंतर टोपण. टोपणाला बारीक छिद्र असते आणि ते शोभेसाठी नसते; जेवढे डिझेल बाहेर जाते तेवढी हवा त्या छिद्रातून आत यावी लागते. ते धुळीने बुजले तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे सरकत नाही. टोपण हरवले म्हणून टाकीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली असते, तिथेही हेच होते. टोपण उघडताना ‘सुस्स’ असा आवाज येऊन हवा आत गेली आणि त्यानंतर इंजिन लागले, तर कारण सापडले. अर्धा तास थांबले की आपोआप लागते आणि पुन्हा तासाभराने बंद पडते, या तक्रारीमागे अनेकदा हे छिद्रच असते.

टोपणानंतर टाकीखालचा कॉक, गाळ जमणारी वाटी आणि फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे व मुख्य पंपाकडे पाठवणाऱ्या लहान पंपाची) जाळी. कॉक पूर्ण उघडा आहे ना, कुणी कडब्याची पेंढी काढताना धक्का लागून अर्धा बंद तर झाला नाही ना, हे पाहावे. फीड पंपाच्या तोंडाशी असलेली लहानशी जाळी बऱ्याच मालकांना ठाऊकच नसते; फिल्टर दर सर्व्हिसला बदलतात, पण ती जाळी काळ्या बुळबुळीत गाळाने भरून जाते. हा गाळ म्हणजे नुसती धूळ नव्हे. डिझेल पाण्यापेक्षा हलके, लिटरला साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम, म्हणून टाकीत आलेले पाणी तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल जिथे टेकतात त्या थरात सूक्ष्मजीव वाढून असा चिकट साका तयार करतात. पाणी येते ते कॅनमधून, गळक्या टोपणातून आणि रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेचे दव धरल्यामुळे. म्हणूनच पावसाळ्यात काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, असे जुने चालक सांगतात. ते अगदी बरोबर आहे. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत थोडे डिझेल काढावे आणि पाच मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असेल तर ते खाली वेगळे दिसते.

यापुढचा दोष सर्वांत फसवा आहे. टाकी पंपाच्या खाली असेल किंवा टाकीकडून येणारी वाट चोंदत आली असेल, तर फीड पंप डिझेल ओढून घेतो, आणि ओढणीच्या बाजूला नळीला चीर असेल, बँजो बोल्टखालचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर दबलेले असेल किंवा क्लिप सैल असेल, तर तिथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. भोक पडलेल्या नळीने उसाचा रस ओढला की तोंडात रसाऐवजी हवाच जास्त येते, तसे हे आहे. बाहेरून सगळे कोरडे आणि ठाकठीक दिसते. रबरी नळ्या आतून फुगून किंवा सोलून बसतात तेव्हाही बाहेरून काही कळत नाही. अशा वेळी मी एकच परीक्षा विश्वासाची मानतो. स्वच्छ डिझेलने भरलेला कॅन इंजिनापेक्षा उंच बांधावा, त्यातून पारदर्शक नळी थेट फिल्टरच्या आत येणाऱ्या तोंडाला जोडावी, हवा काढावी आणि इंजिन सुरू करावे. या कॅनवर इंजिन तासभर भाराखाली नीट चालले, तर इंजिन, पंप आणि नोझल निर्दोष आहेत. दोष टाकी, तिथून येणारी नळी, जाळी आणि फीड पंप यांतच आहे. कॅनवरही ते तसेच बंद पडले, तरच फिल्टर आणि त्याच्या पुढचे भाग पाहायचे. कॅनचा हा एक तास हजारो रुपयांचा खर्च वाचवतो.

हवा काढणे

डिझेलच्या वाटेत हवा शिरली की इंजिन का लागत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. साध्या पंपाच्या इंजिनात नोझल उघडायला साधारण १७५ ते २५० बार दाब लागतो. द्रवरूप डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाच्या प्लंजरने (दट्ट्याने) दिलेला रेटा जसाच्या तसा नोझलपर्यंत जातो. हवा मात्र दबते. प्लंजर पुढे गेला की बुडबुडा आकसतो, मागे आला की फुगतो, आणि नोझलपाशी उघडण्याइतका दाब कधीच होत नाही. सेल्फ कितीही मारला तरी ही हवा आपोआप निघत नाही, फक्त बॅटरी आणि स्टार्टर खराब होतात. म्हणून एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन वेळांमध्ये मिनिट-दोन मिनिटे थांबावे.

हवा काढायचा क्रमही टाकीकडूनच. टाकी निदान निम्मी भरावी, कॉक उघडावा, स्टॉपची दांडी आत ढकललेली आहे ना ते पाहावे. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू दोन फेरे सैल करून फीड पंपाचा हातपंप चालवावा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. डिझेल येत असतानाच, हातपंप चालू ठेवून, स्क्रू आवळावा. दोन फिल्टर असतील तर दोन्हींवर हेच करावे. मग मुख्य पंपावरचा स्क्रू. रोटरी पंपावर (आतला फिरता रोटर सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो अशा पंपावर) असे दोन असतात, तिथे आधी खालचा आणि नंतर वरचा. खटक्याच्या फीड पंपाला कधी कधी हाताला काहीच जोर लागत नाही आणि लोक तो खराब झाला असे समजतात. कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या दांडीवर येऊन थांबला की असे होते; इंजिन अर्धा-एक फेरा फिरवले की खटका पुन्हा धरतो. मुठीचा हातपंप असेल तर काम झाल्यावर मूठ पूर्ण फिरवून घट्ट बसवावी, नाहीतर तिथूनच हवा जाते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

शेवटी नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांचे नट, नोझलच्या टोकाचे, एक-एक फेरा सैल करावेत, एक्सिलरेटर पूर्ण देऊन सेल्फ मारावा आणि प्रत्येक नटापाशी डिझेल उसळू लागले की नट आवळावेत. बहुधा शेवटचा नट आवळण्याआधीच इंजिन दोन सिलिंडरवर अडखळत लागते. या वेळी चेहरा दूर ठेवावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि गळती कुठे आहे हे बोटाने चाचपून कधीही पाहू नये. इतक्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आतले मांस सडू लागते. असे झाले तर दुखत नसले तरी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डिझेलची धार शिरली आहे असे स्पष्ट सांगावे. डॉक्टरांनाही केवळ खूण पाहून ते ओळखणे कठीण जाते.

हवा काढल्यावर इंजिन लागले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले, तर काम पूर्ण झालेले नाही. हवा कुठूनतरी येते आहे, आणि रोज सकाळी हवा काढत बसणे हा उपाय नव्हे. तांब्याची वॉशर प्रत्येक वेळी नवीन घालावीत, ती काही रुपयांची असतात.

क्षणात बंद पडलेले इंजिन

जुन्या यंत्रांवर स्टॉपची केबल असते आणि ती गंजून अर्धवट ओढलेल्या अवस्थेत अडकते. पंपावरची छोटी दांडी हाताने परत सरकवून पाहिली की कळते. नव्या यंत्रांवर तिच्या जागी सोलेनॉइड असतो, आणि पुष्कळ यंत्रांत त्याला वीज मिळत असेल तोवरच तो डिझेल सोडतो. किल्ली चालू करताना पंपापाशी कान द्यावा. ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग सोलेनॉइडवरची टोपी आणि वायर, मग चॅसिसला जोडलेली अर्थिंगची वायर. खळ्यात उभ्या राहिलेल्या यंत्रांच्या वायरी उंदीर कुरतडतात, हेही डोळ्यांपुढे असू द्यावे. जनरेटरमध्ये तेलाचा दाब कमी झाला किंवा पाणी तापले की हाच सोलेनॉइड इंजिन बंद करतो. तिथे सेन्सरची वायर काढून इंजिन चालवू नये. आधी डिपस्टिक आणि पाणी पाहावे, कारण सेन्सर बऱ्याचदा खरे बोलत असतो.

सेल्फ मारल्यावर नुसता ‘कट’ आवाज येणे किंवा इंजिन जड फिरणे हा बॅटरीचा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल थोडक्यातच सांगतो. भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सेल्फ मारताना तो ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी अशक्त आहे किंवा टर्मिनलवर पांढरट क्षार जमलेले आहेत. मंद फिरणाऱ्या इंजिनात दाबलेली हवा तापण्याआधीच थंड पडते, म्हणून डिझेल येऊनही पेटत नाही आणि पांढरा धूर निघतो.

गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू

सकाळी पटकन लागते, दुपारी बंद पडते आणि तास-दीड तास थांबल्याशिवाय लागत नाही, ही तक्रार रोटरी पंपाच्या ट्रॅक्टरांमध्ये फार ऐकू येते. टोपणाचे छिद्र आणि गरम झाल्यावर सोडून देणारी सोलेनॉइडची कॉइल ही दोन कारणे आधी बाजूला काढावीत. ती नसतील तर येथे मात्र पंपाचाच दोष असतो. पंपाच्या आतले भाग झिजले की गरम, पातळ झालेले डिझेल फटींतून परत जाते. इंजिन चालू असताना वेग जास्त असल्यामुळे दाब टिकतो, पण सेल्फच्या मंद फिरण्यावर तो तयार होत नाही. बंद इंजिनाच्या पंपावर ओले फडके गुंडाळून पाच-दहा मिनिटांनी सेल्फ मारावा. लागले, तर पंप झिजला आहे हे जवळपास नक्की. गरम पंपावर बादलीभर गार पाणी ओतायची रीत दिसते, ती टाळावी. बाहेरचे आवरण आधी आकसले तर आतला रोटर जाम होतो.

इंजिन सेल्फने फिरतच नसेल आणि बॅटरी चांगली असेल, तर पुढच्या पुलीच्या नटावर मोठा पाना लावून हाताने फिरवून पाहावे. हलत नसेल तर एकतर पिस्टन चिकटला आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी अथवा डिझेल भरले आहे. ऑइलची काठी काढावी : ऑइल दुधी झाले असेल तर हेड गॅस्केटमधून पाणी शिरले आहे, पातळी वाढून डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा पडदा किंवा नोझल गळते आहे. या अवस्थेत ट्रॅक्टर ओढून सुरू करणे म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकवणे होय, कारण पाणी दबत नाही आणि पुढून ओढणाऱ्या गाडीला त्याची पर्वा नसते. तापून बंद पडलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये आणि त्यात गार पाणीही ओतू नये. फॅन बेल्ट तुटला आहे का, रेडिएटरची जाळी पाचटाने भरली आहे का, हे पाहत ते आपोआप गार होऊ द्यावे. इनटेकमध्ये ईथरचा फवारा मारण्याची सवय तर सोडूनच द्यावी. ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात त्याने स्फोट होऊ शकतो.

वर सांगितलेले लोखंडी नळ्यांचे काम फक्त साध्या पंपाच्या इंजिनांसाठी आहे. भारतात ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषण नियम लागू झाले आणि त्यांच्यात कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून जबर दाबाचे डिझेल देणारी) पद्धत आली. तिच्यात दाब १,००० ते २,००० बारपर्यंत जातो. त्या नळ्यांचे नट इंजिन चालू असताना, सेल्फ मारताना किंवा नुकते बंद केल्यावर सैल करणे जिवावर बेतू शकते. अशा यंत्रावर मालकाने टाकी, टोपण, फिल्टर, पाणी, बॅटरी आणि फ्यूज एवढेच पाहावे आणि पुढे स्कॅनर असलेल्या कारागिराला बोलवावे.

साध्या इंजिनाचा पंप काढायचाच झाला, तर सोडवण्याआधी पंपाची कड आणि इंजिनाची कड यांवर एकाच रेषेत छिन्नीने बारीक खूण करून घ्यावी. पंप बसवताना ती रेघ न जुळल्यास टायमिंग बदलते, आणि दुरुस्त होऊन आलेल्या पंपावरही इंजिन ठोके देते किंवा पांढरा धूर सोडत राहते. पंपाबरोबर सगळी नोझलही टेस्ट बेंचवर न्यावीत, प्रत्येकाचा दाब आणि फवारा समोर उभे राहून पाहावा, आणि पंप घरी येण्याआधी टाकी धुऊन, जाळी साफ करून, दोन्ही फिल्टर नवे घालून ठेवावेत, कारण ज्या गाळाने जुना पंप झिजला तो अजून टाकीतच असतो.